गाडीच्या रंगाची शिल्लक

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल देहूरोड आणि बेगडेवाडी मागे टाकून घोरावाडीच्या छोट्या स्थानकात क्षणभर थांबते आणि तळेगावकडे निघते. घोरावाडेश्वराच्या लेण्यांमुळे हे नाव डोंगर हिंडणाऱ्यांना ठाऊक असते. एरवी ते स्थानकाच्या पाटीपुरतेच. मात्र गेल्या वीस वर्षांत हा सारा टापू मोटारीशी जोडला गेला आहे. तळेगावात २००८ मध्ये जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला, पुढच्याच वर्षी चाकणला फोक्सवॅगनचा. तळेगावचे उत्पादन २०२० च्या अखेरीस थांबले आणि २०२३ मध्ये तो कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने केला. या कारखान्यांत आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या उद्योगांत नोकरी करणारी कितीतरी कुटुंबे सोमाटणे फाटा, घोरावाडी, तळेगाव दाभाडे येथील सोसायट्यांत राहतात. तिथल्या तरुणांना मोटारीचे वेड घरबसल्या लागते, यात नवल नाही.

या वेडाचा एक नवा प्रकार म्हणजे डिटेलिंग. गाडी नुसती धुऊन पुसून न थांबता तिच्या रंगावरचे बारीक ओरखडे काढणे, मूळची लकाकी परत आणणे आणि ती टिकवणे, अशी ही हौस. काळी किंवा गडद निळी गाडी दुपारच्या उन्हात तिरकस पाहिली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. एकदा ती दिसली की दिसत नाहीत असे करता येत नाही. मग मुलगा म्हणतो, पॉलिशर घेऊ या. आणि वडील म्हणतात, एवढ्या पैशांत गॅरेजवाला चार वेळा पॉलिश करून देईल. दोघांचेही म्हणणे हिशेबाचे आहे. मात्र दोघेही ज्या खात्याचा हिशेब पाहत नाहीत, ते खाते गाडीच्या रंगाचे.

कारखान्यात गाडीच्या पत्र्यावर एकामागून एक थर चढतात. आधी गंज रोखणारा, मग प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सारे थर मिळून जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रॉन भरते आणि त्यांतला क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे गाडीची सारी चकाकी एका केसाहून पातळ थरावर उभी असते. पॉलिश करणे म्हणजे या थरावर काही चढवणे नव्हे. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर घासून उतरवणे. सौम्य पॉलिशच्या एका हातात एखादा मायक्रॉन जातो, जोरकस कंपाउंडच्या हातात त्याच्या काही पट. हे असे खाते आहे की ज्यातून रक्कम काढता येते, भरता मात्र येत नाही. वरचा थर संपला की खालचा रंग उन्हाने फिका पडतो, पापुद्रे निघतात आणि मग गाडी पुन्हा रंगवण्यावाचून गत्यंतर नसते. गॅरेजचा रंग कितीही चांगला असला तरी तो कारखान्याच्या रंगाची बरोबरी क्वचितच करतो. कारखान्यात तो सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजलेला असतो, तर गॅरेजमध्ये काचा, रबर आणि प्लॅस्टिक जागच्या जागी असताना ६० ते ८० अंशांच्या पुढे जाता येत नाही. पाच-सात वर्षांचे हप्ते भरून घेतलेल्या गाडीचे हे खाते दर दिवाळीला थोडे थोडे रिकामे करणे शहाणपणाचे नाही. पहिले यंत्र निवडताना ते किती झपाट्याने घासते याऐवजी ते किती कमी घासून काम भागवते, हा प्रश्न आधी विचारायचा तो यासाठी.

गॅरेजमध्ये 'रबिंग-पॉलिशिंग' ज्या यंत्राने होते ते बहुधा रोटरी. त्याचे पॅड जात्याच्या वरच्या तळीसारखे एकाच खुंट्याभोवती गरगर फिरते. हौशी माणसासाठी जे ऑर्बिटल यंत्र असते त्याची चाल निराळी. सहाणेवर चंदन उगाळताना खोड स्वतःभोवती फिरत नाही. हात त्याला लहान वर्तुळात फिरवत राहतो. ऑर्बिटल यंत्रातले पॅड तसे लहान वर्तुळात घोटले जाते आणि त्याच वेळी सावकाश स्वतःभोवतीही फिरते. या दुहेरी चालीमुळे दुकानदार त्याला 'ड्युअल ॲक्शन' किंवा थोडक्यात 'डीए' म्हणतात.

या दोन चालींतला फरक आकड्यांत मांडला की अधिक कळतो. दीडशे मिलिमीटर व्यासाच्या रोटरी पॅडच्या कडेवरचा बिंदू एका फेऱ्यात सुमारे ४७१ मिलिमीटर जातो. मिनिटाला १५०० फेरे धरले तर ती कड मिनिटाला सुमारे ७०० मीटर रंगावरून धावते, आणि मध्यबिंदू जागचा हलत नाही. म्हणजे सारी उष्णता कडेला. ती कड गाडीच्या एखाद्या धारेवर, जिथे रंग मुळातच पातळ बसलेला असतो, क्षणभर जास्त टेकली की खालचा प्रायमर दिसू लागतो. ऑर्बिटल यंत्राचे वर्तुळ ८ मिलिमीटर व्यासाचे असेल तर त्याचा परीघ सुमारे २५ मिलिमीटर. मिनिटाला ५००० घोटे धरले तरी वाटचाल १२५ मीटरच्या आसपास, आणि ती पॅडच्या मध्यापासून कडेपर्यंत जवळपास सारखी. त्यात पॅडच्या संथ फिरण्याची थोडी भर पडते इतकेच. नवख्या हाताची चूक हे यंत्र पुष्कळशी पोटात घालते. रोटरी वाईट असे मात्र कोणी समजू नये. वीस वर्षे तेच यंत्र चालवणारा कारागीर त्याच्याकडून डीएला न जमणारे काम करून घेतो. पण ती वीस वर्षे कोणाच्या तरी गाड्यांवर गेलेली असतात, आणि हौशी माणसाजवळ एकच गाडी असते.

ऑर्बिटल घ्यायचे ठरले की दुकानदार विचारतो, थ्रो किती हवा? थ्रो म्हणजे त्या लहान वर्तुळाचा व्यास. बाजारात ८, १२, १५ आणि २१ मिलिमीटरचे थ्रो सर्वसाधारण आढळतात. १५ च्या यंत्राचा परीघ ४७ मिलिमीटर, म्हणजे तेवढ्याच घोट्यांत ते मिनिटाला २३५ मीटर जाते. ८ च्या यंत्राच्या जवळजवळ दुप्पट. इटलीच्या रुपेस कंपनीने मोठ्या थ्रोची यंत्रे लोकप्रिय केली आणि व्यावसायिकांनी ती उचलून धरली. ज्याला दिवसात गाडी पुरी करून दुसरी घ्यायची आहे त्याला ती योग्यच. आता सर्वत्र नवख्यालाही 'थेट १५ घ्या' असा सल्ला मिळतो. हा सल्ला तपासून घ्यावा असा आहे. मोठा थ्रो विकत देतो तो वेळ. घरच्या एका गाडीला दोन वर्षांतून एकदा घासणाऱ्या माणसाला वेळ विकत घेण्याची निकड नसते. रविवार घालवण्यासाठीच तर त्याने ही हौस धरलेली असते.

दुसरी गोष्ट गाड्यांच्या घडणीची. आपल्याकडच्या लहान गाड्यांना सपाट पत्रा थोडा. दारांवर घड्या, मडगार्डला फुगवटा, बंपरला खाचा. ऑर्बिटलचे पॅड स्वतःभोवती फिरते ते मोकळेपणाने, गिअरच्या जोराने नव्हे. त्यामुळे फुगवट्यावर पॅडची एकच कड दाबली गेली की त्याचे फिरणे थांबते. यंत्र थरथरत राहते, आवाज तसाच येतो, पण काम होत नाही, आणि नवख्याला ते कळतही नाही. मोठ्या थ्रोच्या यंत्रांत हा दोष अशा जागी अधिक जाणवतो. म्हणून लहान किंवा मध्यम गाडी असणाऱ्याने ८ ते १२ मिलिमीटर थ्रो आणि पाच इंची बॅकिंग प्लेट घ्यावी, हे मत सध्याच्या चालीविरुद्ध असले तरी मांडण्याजोगे आहे. मोठी एसयूव्ही असेल, बॉनेट आणि टप विस्तीर्ण असेल, तर १५ चा विचार जरूर करावा. २१ चे यंत्र पहिल्या खरेदीत नको. गिअरने सक्तीने फिरणारी यंत्रेही मिळतात. जर्मनीच्या फ्लेक्स कंपनीचे यंत्र त्यांत प्रसिद्ध आहे. त्यांचे पॅड थांबत नाही, पण तापते अधिक आणि हातातून एका बाजूला ओढ घेते. तेही पुढच्या पायरीवरचे.

चार आकडी किमतीच्या यंत्रांत मोठा दोष असतो थरथरीचा. ऑर्बिटल यंत्राच्या पोटात वर्तुळाचा तोल सांभाळणारे एक वजन असते, आणि ते ठरावीक आकाराच्या प्लेटसाठी बेतलेले असते. तोल नीट साधलेला नसेल तर अर्ध्या तासात बोटांना मुंग्या येतात. पाच इंची यंत्राला तीन इंची प्लेट लावली की चांगले यंत्रही असेच थरथरू लागते. पुण्यात जाणे असेल तर रविवार पेठेतील बोहरी आळीत अवजारांची दुकाने पाहावीत. यंत्र हातात घेऊन, चालू करून पाहण्याचा लाभ घरपोच खरेदीत मिळत नाही. वजन दोन ते अडीच किलोच्या दरम्यान असावे. वेग हळूहळू चढतो की बटण दाबताच उसळतो, हे पाहावे. उसळणारे यंत्र कंपाउंडचे शिंतोडे काचेपासून भिंतीपर्यंत उडवते. कार्बन ब्रश बाहेरून बदलता येतात का, आणि त्याच यंत्राची बॅकिंग प्लेट सुटी मिळते का, हे दोन प्रश्न दुकानदाराला विचारलेच पाहिजेत. प्लेट हा झिजणारा भाग आहे. ती मिळाली नाही तर उरलेले चांगले यंत्र माळ्यावर जाते. बॅटरीवर चालणारी यंत्रे मोहक आहेत, पण एका गाडीला दोन-तीन बॅटऱ्या लागतात आणि त्यांची किंमत यंत्राच्या अंगावर येते.

अनेक घरांत अमेरिकेतील नातेवाईक दिवाळीच्या सुमारास येतात आणि 'काय आणू?' असे विचारतात. तिथे यंत्रे तुलनेने स्वस्त, म्हणून पॉलिशरचे नाव यादीत जाते. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. तिथले यंत्र थेट आपल्या सॉकेटला लावले तर मोटर जळते. आणि हजार वॉटचा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर बचत संपते, शिवाय तो जड डबा पार्किंगमध्ये वागवावा लागतो. नातेवाइकांकडून पॅड आणि मायक्रोफायबरची फडकी मागवावीत, त्यांना व्होल्ट लागत नाहीत.

विजेचा विषय निघालाच आहे म्हणून सोसायटीचेही सांगितले पाहिजे. हजार वॉटचे यंत्र साडेचार अँपिअरच्या आत वीज घेते, तेव्हा साधे ६ अँपिअरचे सॉकेट पुरते. वायर मात्र तीन तारांची, अर्थिंग असलेली हवी, कारण जमीन बहुधा ओली असते. प्रश्न असतो सॉकेट कोणाचे हा. पार्किंगमधले सॉकेट सामायिक मीटरवर असते. पाच तासांच्या कामाला पाच युनिटही जळत नाहीत, पण सोसायटीच्या सभेत क्षुल्लक रकमाच सर्वांत जास्त वेळ खातात. समितीला आधी दोन ओळींचे पत्र देऊन ठरावीक रक्कम भरण्याची तयारी दाखवली तर पुढची सभा शांततेत पार पडते.

आता खर्चाचा दुसरा स्तंभ. यंत्राची किंमत हा भांडवली खर्च, एकदाच होणारा. चालू खर्च पॅड, कंपाउंड, पॉलिश, टेप आणि फडकी यांचा, आणि तो नवख्याच्या हिशेबात नसतोच. एका पॅडवर सारी गाडी करता येत नाही. पॅडमध्ये घासलेला रंग आणि वाळलेले कंपाउंड साठत जाते, ते तापते, त्याची पकड सुटते. मध्यम फोमची चार आणि मऊ फोमची दोन पॅड ही किमान गरज. फोमचा रंग पाहून कठीण-मऊ ठरवू नये. एका कंपनीचे नारिंगी पॅड दुसऱ्या कंपनीच्या नारिंगी पॅडसारखे नसते. हे सर्व साहित्य मिळून यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होते, स्वस्त यंत्र असेल तर जवळजवळ तितकेच. ज्याचे अंदाजपत्रक ठरलेले आहे त्याने यंत्र एक पायरी खालचे घ्यावे, पॅड मात्र भरपूर घ्यावीत.

या ठिकाणी जैन घरांना एक गोष्ट मुद्दाम पाहावी लागेल. लोकरीच्या पॅडचे दोन प्रकार असतात. काही पॅडला लोकरीचे धागे विणलेले किंवा कृत्रिम धागे लावलेले असतात. काही 'लँबवूल' पॅड मात्र मेंढीच्या कातड्यासकट कापलेले असतात. मागची बाजू उलटून पाहिली की कातडे ओळखू येते. सुदैवाने ऑर्बिटल यंत्राला त्यांची गरजच नसते. फोम आणि मायक्रोफायबर यांवर सारे काम भागते. वॅक्सचेही तसेच. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते, पण डब्यात त्याच्या जोडीला मधमाशांचे मेण मिसळलेले असू शकते. कृत्रिम सीलंट घेतले की हा प्रश्न उरत नाही, आणि मावळातल्या पावसात ते टिकतेही जास्त.

पाऊस हा इथल्या वेळापत्रकाचा मालक. लोणावळ्याला वर्षाकाठी ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. घोरावाडीपर्यंत येता येता तो बराच ओसरतो, तरी जून ते सप्टेंबर उघड्यावर पॉलिश करण्यात अर्थ नाही. ऑक्टोबरच्या उन्हातही नाही, कारण तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड लगेच वाळते. दिवाळीनंतरच्या सकाळी उत्तम.

पण यंत्र आणण्यापूर्वी ओरखडे येतात कुठून, हे पाहणे भाग आहे. जुन्या महामार्गावरून अखंड जाणाऱ्या मालमोटारींची धूळ रात्रभर गाड्यांवर बसते. सकाळी गाडी पुसणारा मुलगा एक बादली पाणी आणि एक फडके घेऊन वीस गाड्या पुसतो. पहिल्या गाडीची माती दुसऱ्या गाडीवर घासली जाते आणि विसाव्या गाडीपर्यंत बादलीत चिखल झालेला असतो. त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. महिन्याला मिळणाऱ्या चारशे-पाचशे रुपयांत त्याने वीस बादल्या वाहाव्यात अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. त्याला आपल्या गाडीपुरती दोन वेगळी मायक्रोफायबर फडकी द्यावीत, काचा आणि आतली बाजू तेवढी पुसायला सांगावी, आणि धूळ बसलेला रंग कोरडा पुसायचा नाही एवढे समजावून सांगावे. गाडी आठवड्यातून एकदा भरपूर पाणी आणि शॅम्पूने स्वतः धुवावी. हे न करता पॉलिशर घेणे म्हणजे एका हाताने रंग घासायचा आणि दुसऱ्या हाताने पुन्हा ओरखडायचा.

गॅरेजमधून चमकून आलेली गाडी तीन धुण्यांत पूर्ववत होते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्याचे कारण पुष्कळदा पॉलिशमधली तेले. ती ओरखड्यांत भरून बसतात आणि ओरखडे गेल्यासारखे वाटतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात सौम्य करून फडक्याने तो भाग पुसला की खरे काय ते दिसते. घरी काम करतानाही प्रत्येक टप्प्यानंतर ही परीक्षा घ्यावी. गाडी जुनी घेतलेली असेल तर एखाद्या परिचित डिटेलरकडून रंगाची जाडी मोजून घेणे इष्ट. एखाद्या दारावर आकडा २०० मायक्रॉनच्या पुढे गेला तर ते दार पुन्हा रंगवलेले आहे असे समजावे. हे उपकरण सर्व थरांची बेरीज सांगते, क्लिअर कोट किती उरला ते सांगत नाही; आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर साधे उपकरण चालतच नाही. तिथे हात हलकाच ठेवावा.

पहिला सराव गाडीवर न करता भंगारातल्या बॉनेटवर करावा. डेंटिंग-पेंटिंगच्या कोणत्याही गॅरेजमागे असे एखादे बॉनेट पडलेले असते आणि थोड्या पैशांत मिळते. बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ ओढावी. यंत्र चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. थांबली की दाब कमी करायचा किंवा पॅड सपाट धरायचे. हात सेकंदाला एक इंच एवढ्याच गतीने सरकवायचा, दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन घ्यायचा, आडव्या-उभ्या चार फेऱ्या करायच्या आणि पुसून पाहायचे. गाडीवर येताना सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिश यांनी सुरुवात करून, काम भागले नाही तरच एक पायरी वर जायचे. नखाला लागणारा ओरखडा तसाच सोडून द्यायचा. धारांवर आणि नंबरप्लेटच्या कडांवर टेप लावायची.

पहिल्या रविवारी अर्धे बॉनेट झाले तरी पुष्कळ. उरलेली गाडी पुढच्या रविवारपर्यंत थांबते. पॅड मात्र थांबत नाहीत. ती त्याच संध्याकाळी कोमट पाण्यात थोडा साबण घालून धुवावीत, पिळू नयेत, तळव्यांमध्ये दाबून पाणी काढावे आणि सावलीत उभी करून वाळवावीत. कंपाउंड रात्रभर फोममध्ये सुकले तर सकाळी ते पॅड सँडपेपरच झालेले असते.